घटलेल्या वजनाचं कौतुक

"ताई, हे वजन तुम्ही कमी केलेलं नाही. ते टीबीनं कमी केलंय," डॉक्टर म्हणाले.

पांढरकवड्याच्या दवाखान्यात त्यांच्या टेबलासमोर मी बसले होते. टीबी हा शब्द ऐकून माणूस घाबरतो म्हणतात. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू! अडीच महिने मी रात्रीचं जेवण सोडलं, भात सोडला, लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम पानात पडायच्या आत हात आडवा केला, आणि हा माणूस म्हणतो त्यात तुमचं काहीच नाही?

बाहेर बाकावर येऊन बसले तेव्हा दुसरा विचार आला. मी अंगणवाडी सेविका आहे. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बावीस लेकरं रोज माझ्याजवळ असतात. मांडीवर चढतात, गळ्यात पडतात, गोष्ट सांग म्हणून माझं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवून घेतात. त्या लेकरांच्या तोंडावर मी तीन-चार महिने खोकत होते.

हे लिहिते आहे ते ज्यांचं वजन भराभर उतरतंय आणि लोक ज्यांना शाबासकी देताहेत, त्यांच्यासाठी. थोडं थांबा आणि माझं ऐका. मी काही शहाणी म्हणून सांगत नाही, वेडेपणा करून बसलेली बाई म्हणून सांगते.

सुरुवात झाली भावाच्या पोरीच्या लग्नात. माझं वय सत्तेचाळीस, वजन एकाहत्तर किलो. फोटो आले तेव्हा भावजय म्हणाली, "अवो कुंदाबाई, तुमच्या मांगं दोन मानसं उभी होती, दिसूनच नाई राह्यली!" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन जिद्द धरली. गुडघेही दुखत होतेच. सकाळी जिऱ्याचं पाणी पिऊन डांबरी रस्त्यानं फाट्यापर्यंत चालायचं, संध्याकाळी फक्त ताक. दोन-अडीच महिन्यांत आठ किलो उतरलं. ते आठ किलो माझेच, त्यावर मी टीबीला हक्क सांगू देणार नाही.

संक्रांत आली तसा माझा नेम सुटला. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, मग लग्नसराई. भातही खाऊ लागले. तरी वजन उतरतच गेलं. मला वाटलं, अंगाला वळण लागलं आता. बाप्पा! अंगाला असं कधी वळण लागतं का?

गावात कौतुकाचा पूर आला. "बाई, तुमी त कॉलेजातल्या पोरीसारख्या दिसून राह्यल्या!" पोलकी मी तीनदा आतून दाबली आणि दर वेळी गाणं म्हणत दाबली. बचत गटाच्या बैठकीत बायांनी मला उभं केलं आणि मी जिऱ्याच्या पाण्यावर भाषण दिलं. ते ऐकून तिघीजणींनी रात्रीचं जेवण सोडलं. त्यातली एक तर आधीच काडीसारखी होती.

थकवा कधी आला ते नेमकं सांगता येत नाही. सकाळी आंघोळ करून आले की आंघोळीच्याच श्रमानं पुन्हा आडवं व्हावंसं वाटे. वेणी घालताना हात वर ठेवून दुखत, म्हणून मध्येच थांबायचे. अंगणवाडी घरापासून पाच मिनिटांवर, पण वाटेत मारुतीच्या पारावर बसावं लागे. लोक विचारत, "काय बाई, बसल्या?" मी म्हणायचे, वाट पाहते. कोणाची वाट, ते मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी अंगात कणकण असायची. झोपेत घाम यायचा. मी म्हणाले, पाळी जायचं वय आहे, असं होणारच. खोकला यायचा, पण थोडा, कोरडा. तो मी फोडणीवर ढकलला, मग कापसाच्या तुसावर, मग उन्हाळ्याच्या धुळीवर. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.

आमचे हे बोलण्यात कमी. तेही एकदा म्हणाले, "कुंदे, तू अर्धी राह्यली. दवाखान्यात चाल." मी म्हणाले, "अवो, लठ्ठ होती तवा बोलत होते, आता बारीक झाली तरी बोलता!" मग त्यांच्या समाधानासाठी गावाजवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे गेले. मीच सांगितलं, अशक्तपणा आहे, सलाइन लावा. आमच्याकडे अशक्तपणावर सलाइन हेच औषध. दोन बाटल्या चढल्या. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पारावर.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण चूक तिथेच झाली. दर महिन्याला आम्ही लेकरांची वजनं घेतो आणि तक्त्यावर ठिपके मांडतो. ठिपका लागोपाठ दोन महिने खाली आला की लेकरू दवाखान्यात दाखवायचं. अठरा वर्षं मी हे करते आहे.

आरोही म्हणून एक तीन वर्षांची पोरगी. तिची माय सुनीता दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाते. आरोहीचं वजन आधी अडून राहिलं, मग दोनशे ग्रॅमनं घटलं. वजनाच्या दिवशी सुनीता आली तेव्हा मी चार बायांसमोर तिला धारेवर धरलं. "पोरीले खाऊ घालत जाय वं! मोबाइल पाहाले वेळ भेटते ना तुले?"

ती खाली मान घालून म्हणाली, "खाते जी बाई. पन अंगाले लागत नाई तिच्या."

"नाई लागत म्हनजे? तू देशीन त लागीन!"

सुनीता पोरगी कडेवर घेऊन निघून गेली. त्याच दिवशी, त्याच खोलीत, मी मोठ्यांच्या काट्यावर चढले. एकावन्न! मी टाळी वाजवली. आमची मदतनीस शोभा खिचडीचं पातेलं घासत होती. ती तिथूनच बोलली, "बाई, लेकराचं घटलं त तुमी बोंबलता आन् तुमचं घटलं त टाळ्या पिटता?"

मी म्हणाले, "तुले जळते, शोभे."

शोभा पातेलं घासत राहिली. अठरा वर्षांची माझी नोकरी तिनं एका वाक्यात मला शिकवली होती आणि मी तिला गप्प केलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

महिनाभरानं प्रार्थना घेताना मी खाली बसले ती उठलेच नाही. लेकरांना वाटलं खेळ आहे, तीही बसली. शोभानं आमच्या ह्यांना बोलावून आणलं आणि दोघांनी मला ऑटोत घालून पांढरकवड्याला नेलं.

तपासण्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, फार कमी निघालं. शुगर आणि थायरॉईड ठीक निघाले. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी, ती बिघडली तरी वजन उतरतं म्हणून पाहतात. छातीचा एक्स-रे काढला, त्यात वरच्या बाजूला डाग दिसला. मग सकाळचा बेडका डबीत द्यायला सांगितला. थुंकी नाही, खोल खोकून काढलेला कफ. तो सीबीनॅट नावाच्या मशीनमध्ये टाकतात. टीबीचे जंतू आहेत का आणि नेहमीचं औषध त्यांना लागू पडेल का, दोन्ही त्यात कळतं. काट्यावर अठ्ठेचाळीस भरलं. या वेळी टाळी वाजली नाही.

रिपोर्टसाठी थांबायचं म्हणजे बसून थकायचं. पंख्याखालची जागा धरून ठेवायची, नाव पुकारलं का म्हणून कान द्यायचा. शेवटी नाव पुकारलं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते वर सांगितलंच आहे.

बाकावरून उठून पुन्हा आत गेले आणि त्यांना विचारलं, "लेकरांचं काय?"

"सगळ्यांना तपासू. तुम्ही आता घरी राहा, मास्क लावा, गोळी एक दिवस चुकवू नका."

दवाखान्याची माणसं गावात आली. एकवीस लेकरं चांगली निघाली. एक नाही. आरोहीच्या हाताला मांटू टेस्ट केली होती. कातडीत छोटं इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांनी फुगलंय का बघतात. तिचा हात फुगला. एक्स-रेत फुप्फुसाजवळची गाठ सुजलेली दिसली. यवतमाळला नेलं, उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, कारण एवढं लेकरू कफ थुंकत नाही, गिळतं. टीबी निघाला.

मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, माझ्यापासूनच झाला का? ते म्हणाले, "लहान मुलांना तो मोठ्या माणसाकडूनच होतो. तो मोठा माणूस तुम्हीच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." तुम्ही नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी सुनीता आमच्या फाटकाशी आली. मी ओट्यावर मास्क लावून पडले होते.

"चार बायांत माही इज्जत काढली तुमी! मी पोरीले उपाशी मारतो म्हने! अन् रोग कोनं देल्ला? सांगा ना, कोनं देल्ला?"

आमचे हे उठले तिला अडवायला. मी हात करून त्यांना बसवलं. म्हणाले, "सुनीता, चूक माहीच आहे." ती रडत रडत गेली. मला उठून तिच्या मागे जायचं होतं, पण फाटकापर्यंत जायचीसुद्धा ताकद नव्हती.

ते पहिले दोन महिने फार वाईट गेले. सकाळी उपाशीपोटी तीन मोठ्या गोळ्या. लघवी केशरी होते, घाबरू नका, औषधाचा रंग आहे. मळमळ होते, तोंडाची चव जाते. जेवण समोर आलं की रडू यायचं. आयुष्यभर खाण्यावर प्रेम केलं आणि आता एक भाकर पोटात घालायला तासभर लागायचा. कोणी भेटायला आलं तर रस्त्यावरून बोलायचं आणि निघून जायचं. मी त्यांना दोष देत नाही. पण पडल्या पडल्या मनात एकच फिरायचं, ते लेकरू मेलं तर?

दीड महिन्यानं सुनीता पुन्हा आली. या वेळी कडेवर आरोही, हातात गोळ्यांची पट्टी आणि स्टीलची वाटी. लहान लेकरांची गोळी पाण्यात विरघळते. डॉक्टर तोवर म्हणाले होते की माझा कफ आता स्वच्छ आहे, माझ्यापासून कोणाला धोका नाही.

"थुकून देते," सुनीता माझ्याकडे न बघता म्हणाली. "आशाताई गोळी द्याले येते, तिच्या अंगावर थुकते. मी नाक दाबून पाजतो त उलटी करते. तीन दिवस झाले, गोळी पोटात गेलीच नाई. अंगनवाडीत तुमच्या हातून सारं खाये. तुमीच द्या."

मी म्हणाले, "माह्या हातून? तुले राग नाई आला?"

"राग आहेच. राग राहीन. पन पोरीले गोळी लागली पाह्यजे."

मी पायरीवर बसले. आरोहीनं वाटी पाहिली आणि तोंड घट्ट मिटलं. मी माझ्या तीन गोळ्या आणल्या, तिला दाखवल्या. म्हणाले, "पाय, तुही एक अन् माह्या तीन. कोन पयले संपवते?" तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी एक गिळली आणि तोंड वाकडं केलं. ती हसली. मग वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायली, थोडी फ्रॉकवर सांडली, आणि माझ्यासारखंच तोंड वाकडं केलं. सुनीता तिला घेऊन गेली.

रोज सकाळी हेच. सुनीता फाटकाशी उभी राहायची, आत यायची नाही. मी अंगणवाडीत परत गेले, पहिल्या दिवशी नऊच लेकरं आली, मग चौदा, मग हळूहळू सगळी. शोभाची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, पयले जेवा." बचत गटाच्या बायांना गोळा करून जिऱ्याच्या पाण्याचं भाषण मागे घेतलं. कोणाचं वजन कष्टाशिवाय उतरलं, संध्याकाळी कणकण राहिली, दोन आठवड्यांवर खोकला गेला, तर माझ्याकडे या, मी सोबत येते दवाखान्यात, असं सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. कौतुक करणाऱ्यांचं ऐकू नका, तपासून घ्या. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि टीबी बरा होतो. मी आज छप्पन किलोची आहे. थकवा पूर्ण गेला असं नाही, दुपारी अजून पाठ टेकावी लागते. पण पारावर बसावं लागत नाही.

माझा कोर्स आधी संपला. आरोहीचे तीन आठवडे राहिले होते, तर मी तिच्यासमोर कॅल्शियमची गोळी घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. तिला काही कळलं नाही.

गेल्या सोमवारी तिची शेवटची गोळी झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, पोरगी चांगली आहे, वजन दीड किलोनं वाढलंय. वाटी रिकामी झाली तशी आरोही अंगणात कोंबडीमागे पळाली. सुनीता नेहमीसारखी फाटकाशी उभी होती. मग ती आत आली, ओट्यावर बसली आणि चप्पल काढून पाय वर घेतले.

"बाई," ती म्हणाली, "चहा मांडा."

मी आत गेले, गॅस पेटवला. चहा उकळेपर्यंत तिथेच उभी राहून रडले. मग तोंड धुतलं आणि दोन कप घेऊन बाहेर आले.