स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या गांधीलमाश्या

देवासला सासरी चुलीपुढं बसायचा मान सासूबाईंचा, त्यांच्यानंतर दोघी जावांचा. माझ्याकडे निवडणं, चिरणं आणि शेवटी उष्टी काढणं. तक्रार नव्हती, माणसं चांगली होती. पण आज भाजी कोणती करायची, हे लग्नाला चार वर्षं होऊनही मी एकदासुद्धा ठरवलं नव्हतं. त्यामुळे संस्थानं विलीन झाली, ह्यांची दरबारातली नोकरी मध्यभारत सरकारकडे गेली आणि धारला बदलीचा हुकूम आला, तेव्हा घरात सगळे हळहळत होते आणि मी मान खाली घालून ट्रंक भरत होते. मान वर केली असती तर आनंद लपला नसता.

धारला दोन खोल्यांचं घर मिळालं. वर कवेलू, म्हणजे आपली कौलं, पुढं ओटा, मागं इवलंसं अंगण आणि अंगणात न्हाणी. मागची खोली स्वयंपाकाची. घर गल्लीच्या वळणावर, त्यामुळे तिचीही एक भिंत गल्लीकडे. घरमालकानं फारशी चौकशी न करता किल्ली हातात दिली, ह्याचं आम्हाला बरंच वाटलं. श्रावण नुकताच लागला होता. पहिल्या सकाळी मी चूल सारवून पेटवली, चहाला गूळ फोडायला बसले, आणि खिडकीच्या वरून काहीतरी जड गुणगुणत खाली आलं. विटकरी रंगाची, पोटावर पिवळा पट्टा असलेली, बोटाच्या पेराएवढी गांधीलमाशी. ती सरळ गुळावर बसली. मागून दुसरी आली. वर पाहिलं तर तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं एक भोक होतं, आणि त्या भोकातून त्यांची ये-जा चालली होती.

समोरच्या घरात एक मालवी बाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना मौसी म्हणे. मी ओट्यावर येऊन विचारलं तर त्या हसल्याच.

"ये तो लाल बर्र है भाभी. पहले वाले मास्टरजी इसी के मारे मकान छोड़ गए. उनके मूंडे मत लगना, छेड़ना मत."

घरमालकाची घाई तेव्हा कळली.

महिनाभर आम्ही चोरासारखे राहिलो. मी उजाडायच्या आत स्वयंपाक उरकायची. गूळ फडक्यात बांधून, डब्यात घालून, डब्यावर वरवंटा ठेवायची. ह्यांचं पान बाहेरच्या खोलीत मांडायची. भात वाढताना एक डोळा भातावर आणि एक वरच्या भोकावर. ह्यांना लहानपणी एकदा गांधीलमाशी चावून अंगभर पित्त उठलं होतं, तेव्हापासून हे त्यांना फार भीत. दारातूनच विचारायचे, "आत आहेत का गं?" जणू कोणी वडीलधारं माणूस बसलं आहे.

मग कचेरीतल्या कोणीतरी ह्यांना सांगितलं की कडुनिंबाचा धूर द्या, पळून जातील. एका रविवारी दुपारी आम्ही भोकाखाली शेगडी ठेवली, गोवऱ्या पेटवल्या, वर निंबाचा पाला घातला, आणि मी माझ्या अकलेनं मूठभर लाल मिरच्याही टाकल्या. धूर छान झाला. आम्ही दारात उभे राहून खोकत होतो आणि एकमेकांकडे कौतुकानं बघत होतो. एवढ्यात भिंत गुरगुरली. दुसरा शब्द नाही. भोकातून एक-एक करून नाही, लोंढाच्या लोंढा खोलीत उतरला. मी कोपऱ्यातलं घोंगडं ओढून त्याच्याखाली गेले. हे अंगणात धावले, न्हाणीत शिरले आणि आतून कडी घातली.

"दार उघडू नकोस!" हे न्हाणीतून ओरडत होते.

"दार तुमच्याकडंच आहे!" मी घोंगड्याखालून ओरडले.

एक माशी मात्र ह्यांच्याबरोबर न्हाणीत गेली होती. ती भुवईवर चावली. मी लोखंडी किल्ली घासून लावली, चुना लावला, पण संध्याकाळपर्यंत डोळा पार मिटला, तोंड सुजलं, उलट्या झाल्या, ताप भरला. मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. त्या मिरच्या माझ्याच होत्या.

ताप उतरल्यावर हे अंथरुणातून शांतपणे म्हणाले, "दसऱ्याला हे घर सोडू. आमच्या हेडक्लार्कांकडे एक खोली रिकामी आहे. स्वयंपाकघर निराळं नाही, पण त्यांच्या घरच्या बायका चांगल्या आहेत. तू त्यांच्यात करशील."

मी पोळी लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. पुन्हा निवडणं, चिरणं. पुन्हा दुसऱ्याच्या चुलीशी खाली मान. ह्यांचं चुकत नव्हतं, डोळा अजून उघडत नव्हता. मी नुसतं "बरं" म्हटलं. पण मनात म्हटलं, दसरा अजून लांब आहे.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे भिऊन बघायचं सोडलं आणि नुसतं बघू लागले. गहू निवडायला घेऊन कधी अंगणात, कधी गल्लीत मौसींच्या ओट्यावर बसायची. पहिल्यांदा कळलं ते हे, की भोकं दोन आहेत. एक आत, चुलीवर, आणि दुसरं बाहेर, गल्लीकडच्या भिंतीत, कवेलूंच्या हातभर खाली. त्यांचा खरा रस्ता बाहेरचाच. आमच्या स्वयंपाकघरात त्या फक्त गोडासाठी उतरायच्या. आम्ही आतून धूर दिला, आणि बाहेरच्या भोकातून पळायच्या ऐवजी त्या चिडून आमच्यावरच उतरल्या. दुसरी गोष्ट, दिवेलागणीला सगळ्या परत यायच्या आणि मग भिंत चिडीचूप व्हायची. आणि तिसरी, कंदील लावला की चुकार एखादी थेट कंदिलाकडे जायची, माणसाकडे नाही.

मागच्या गल्लीत एका भिंतीचं काम चाललं होतं. तिथल्या मिस्त्रीकडे मी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेला चुना मागितला आणि कशाला हवा ते सांगितलं. त्यानं थापी खाली ठेवली.

"बाई, माल जितना चाहिए ले जाओ. पर उस दीवार के पास मैं नहीं आऊँगा."

घमेलंभर चुना घेऊन मी घरी आले. हे कचेरीतून आले तेव्हा विटांचे तुकडे, घासलेटात भिजवलेल्या चिंध्या आणि मौसींकडून आणलेली शिडी बघून दारातच थांबले.

"हे काय चाललंय?"

"आज संध्याकाळी बुजवणार आहे. तुम्ही समोर मौसींकडे बसा. तुम्हाला परत चावून चालणार नाही."

"आणि तुला चावली तर?"

"मला पित्त उठत नाही."

खरं म्हणजे मला कधी चावलीच नव्हती, तेव्हा उठतं की नाही हे मला तरी कुठं ठाऊक होतं!

सूर्य मावळला. शेवटच्या चार-दोन आत गेलेल्या पाहिल्या. कंदील पेटवून मी गल्लीच्या पार टोकाला ठेवून आले. अंगात ह्यांचा जुना कोट, हातांत लोकरी मोजे, तोंडावर जुनी मलमल बांधलेली. आधी आतलं भोक. ट्रंकेवर पाट ठेवून वर चढले, काठीनं चिंध्या आत कोंबल्या आणि लगेच विटेचा तुकडा दाबला. भिंतीतून ती गुरगुर सुरू झाली, तळहाताला सरळ जाणवत होती. एक कशीतरी निसटली आणि मोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटावर चावली. आग खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी आलं, पण वीट सोडली असती तर सगळ्याच आल्या असत्या. डाव्या हातानं वीट तशीच दाबून धरली आणि उजव्यानं चुना थापला, आणखी थापला, शेवटी भिंत सपाट झाली.

मग बाहेर. शिडी लावली आणि दोन पायऱ्या चढले तर शिडी डगमगायची थांबली. खाली पाहिलं. गोणपाट डोक्यापासून गुंडाळून, एकच डोळा उघडा ठेवून हे शिडी धरून उभे होते.

"तुम्हाला तिकडं बसायला सांगितलं होतं ना?"

"शिडी कोण धरील मग? चढ लवकर."

शिडी जराही हलली नाही. बाहेरचं भोक मोठं होतं. चिंध्या, विटा, चुना. पुन्हा विटा, पुन्हा चुना. खालून हे एक-एक वस्तू वर देत होते आणि प्रत्येक वेळी "झालं?" विचारत होते. शेवटी मी म्हटलं, "झालं," आणि उतरले. आम्ही दोघं भिंतीला कान लावून गल्लीत उभे राहिलो. आत समुद्रासारखी गाज होती, पण बाहेर एकही नव्हती.

समोरच्या ओट्यावरून मौसी ओरडल्या, "ओ भाभी! जीत गए कि नहीं?"

"जीत गए!" ह्यांनीच उत्तर दिलं, एवढ्या मोठ्यानं की दोन घरांची दारं उघडली.

माझं मनगट कोपरापर्यंत सुजलं. पित्त मात्र उठलं नाही. कचेरीत लोक म्हणाले, कुरतडून बाहेर येतील. मी रोज सकाळी जाऊन चुना बघायची, बोट फिरवायची. तो दिवसागणिक दगड होत गेला. गाज कमी झाली, मग थांबली. बाहेर राहिलेल्या थोड्या माश्या दोन-तीन दिवस भिंतीवर आपटत राहिल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. हेडक्लार्कांची खोली घेण्याबद्दल हे पुन्हा बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. दसऱ्याला मी भरदुपारी, खिडकी सताड उघडी टाकून, जिलबी तळली. पाकाचं पातेलं उघडं होतं. ह्यांनी पाट चुलीशेजारी ओढला आणि तिथंच जेवायला बसले.

थंडीत तो मिस्त्री स्वतःहून आला, म्हणाला आता भिंत खोलून नीट करून देतो. त्यानं बाहेरून चार विटा काढल्या आणि आतून ते पोळं निघालं. राखी कागदासारखं, एकावर एक मजले, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत रिकामं, तळाशी नुसता वाळलेल्या माश्यांचा चुरा. परातीत मावेना. मी ओट्यावर गोणपाट पसरून त्यावर ते ठेवलं. आधी गल्लीतली मुलं आली, मग बायका, मग कचेरीतले लोक. हे ओट्याच्या कडेला उभे राहून सांगत होते, "आमच्या हिनं एका हातानं वीट दाबून धरली होती, मनगटावर डंख असताना!" दर वेळी सांगताना डंख वाढत होते. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

गर्दीत मागच्या गल्लीतल्या एक बाई होत्या. त्या बराच वेळ पोळ्याकडे बघत राहिल्या आणि मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाभी, हमारे पूजाघर में भी निकलते हैं. आप देख लोगी?"

मी पदर खोचला आणि विचारलं, "छेद अंदर से है कि बाहर से?"