पेवाच्या कोपऱ्यावरचा कोबा

पेव मोठं मानी झाड. पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातं, लालसर कणसातून रोज एकदोन पांढरी फुलं काढतं आणि हिवाळा सरता सरता असं वाळून नाहीसं होतं, की जागेवर नुसती माती. कंद मात्र खाली जिवंत असतात. हे मला आईनेच शिकवलं. पिंपळगाव राजाच्या घरी अंगणाच्या कोपऱ्यात तिने पेव वाढवलं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज सकाळी त्याचंच फूल बुद्धमूर्तीपुढे ठेवायची. विकतचं फूल तिला चालायचं नाही.

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या आधी घरोघरी रंगरंगोटी निघते, अंगणं खरडून साफ होतात. नेमका तेव्हाच पेवाचा कोपरा ओसाड दिसतो. म्हणून त्या दिवसांत आई तिथे बाज टाकूनच बसायची आणि फावडं घेऊन येणाऱ्यावर खेकसायची.

गेल्या वर्षी त्या दिवसांत ती माझ्याकडे नांदुऱ्याला होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भाऊ एकदाही फिरकला नव्हता, जयंतीच्या कामात होता म्हणे. मग त्याचा फोन आला.

"ताई, अंगणात कोबा टाकून राह्यलो. आईच्या कोपऱ्यात खाली काही जिवंत हाय का वं? नुसती मातीच दिसून राह्यली."

आई आतल्या खोलीत झोपली होती. माझं डोकं आधीच तापलेलं. आईचा डोळा कसा आहे हे विचारायला सुचत नाही, कोबा बरा सुचतो!

"मले काऊन विचारतं? घर तुहं हाय. टाक."

"म्हंजे काही नाही ना?"

"नाही."

मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. आईच्या शिव्या खाईल तेव्हा कळेल, असं मनात आलं आणि बरंही वाटलं. मी इतकी दुष्ट असेन, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने आईला घरी सोडायला गेले. कोपऱ्यात मुरूम चोपून वर गुळगुळीत कोबा केलेला. ती तिथे उभीच राहिली. भाऊ चपापून म्हणाला, "आई, मी ताईले विचारलं होतं. काही नाही म्हने."

तिने शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. पण ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

"तिले काय माहीत बापा," ती भावाला म्हणाली. "ते आता इथं कुठी राह्यते?"

मी "हो ना" म्हणाले.