मामांच्या कॉन्सर्टिनाचा एक सूर

दिवाळीला तिसगावला गेलो, तेव्हा मामीने कपाटावरून कापडात गुंडाळलेला सहा कोनांचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. दोन्ही बाजूंना जाळीदार लाकूड, हाडाची गोल बटणं, मधे कातड्याच्या घड्यांचा भाता. मामांना तो तरुणपणी नगरच्या जुन्या बाजारात मिळाला होता. कार्तिकात पहाटे काकड्याला ते त्यावर भूपाळी वाजवत. मामा गेल्यापासून डबा मुका होता.

"काकडा संपायच्या आत याला बोलता कर," मामी म्हणाली. "मला आता कमी ऐकू येतंय. पुढल्या सालाचं काय सांगावं."

मी भजनात पेटी वाजवतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. डबा श्रीगोंद्याला घरी आणला. नगरच्या रशीदभाईंना सवड झाली ती नेमकी काकडा समाप्तीच्या आदल्या दिवशी, म्हणून त्या दिवशी पहाटेच देवाला हात जोडून एसटी धरली. या दिवसांत श्रीगोंद्याहून निघणार असाल तर लवकरच निघा. ऊन वर आलं की उसाच्या ट्रॉलींमागे गाडी रांगते. बाकी रस्ता छान, दोन्हीकडे ओला ऊस आणि वर धुकं.

रशीदभाई पेट्या दुरुस्त करतात. माळीवाडा स्टँडवरून रिक्षाने दहा मिनिटांत दुकान येतं. त्यांनी डबा उलटसुलट पाहिला.

"दत्तूशेठ, हे कुणाचं पोर उचलून आणलं? पेटीचं तर दिसत न्हाई."

"दुरुस्त होईल का ते सांगा. चेष्टा नंतर."

भात्याच्या घड्यांना भोकं पडली होती. मेंढीचं पातळ कातडं सरसाने चिकटवून त्यांनी ती बुजवली. सुकेपर्यंत आम्ही कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. नगरची मिसळ तिखट असते. पाव जादाच सांगा. परत येऊन बटण दाबलं आणि डबा बोलला. अंगावर काटा आला. पण दाबताना एक सूर येत होता आणि त्याच बटणावर भाता ओढला की दुसराच.

"ही चूक हाय," रशीदभाई म्हणाले. "कुणीतरी आत भलतेच सूर बसवलेत."

आम्ही दोघं जन्मभर पेटीवाले. एका पट्टीला एकच सूर, हे आमच्या हाडात भिनलेलं. मीही मान हलवली. त्यांनी स्क्रू काढून बाजू उघडली. आत पितळेच्या पातळ जिभल्या होत्या. सूर त्यांतूनच निघतो. ओढताना वाजणारी एक जीभ त्यांनी टोकाशी घासली, म्हणजे ती चढून जोडीदाराला मिळेल. मग पुढचं बटण तपासलं. तेही तसंच. त्याच्या पुढचंही.

रशीदभाईंनी कानस खाली ठेवली. "सगळ्याच कशा चुकतील?"

मी मामीला फोन लावला. "मामी, मामा हे वाजवायचे कसे?"

"दाबला की येक, वढला की दुसरा. तसलाच हाय त्यो. का रं, काय केलं?"

काय केलं ते सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

मग मोबाईलवर चित्रं शोधली, तेव्हा त्याचं नाव कळलं: कॉन्सर्टिना. त्यातली अँग्लो नावाची जात, जिच्यात भाता दाबताना आणि ओढताना सूर बदलतो. जात कळली, पण बनवणाऱ्याचं नाव खरवडलेलं होतं. घासलेला सूर पूर्वी कुठे होता, तेही कळेना. बाकीचे बरेच सूर डब्यात दुसऱ्या बटणावरही सापडत, त्यांच्याशी मिळवून पाहता आलं असतं; हा मात्र एकटाच होता.

"मुळाशी घासला की उतरंल," रशीदभाई म्हणाले. "पण कुठपर्यंत? जास्त घासला तर तुटायचा. चला, तुमच्या मामीलाच विचारू."

कानस आणि पेचकस पिशवीत टाकून त्यांनी दुकान बंद केलं. पाथर्डीकडे जाणारी गाडी मिळाली. करंजी घाटात खिडकी उघडी ठेवा, हवा फार चांगली असते. तिसगावात उतरल्यावर सवड असेल तर मढीला कानिफनाथांचं दर्शन घ्या. आम्ही लांबूनच हात जोडले.

मामी अंगणात बसली होती. तिने चहा दिला. मी डबा तिच्या कानाशी धरून ते बटण दाबलं आणि भाता ओढला.

"लई वर गेलाय."

रशीदभाईंनी बाजू उघडली, जिभलीच्या मुळाशी कानशीचा एक हात फिरवला, स्क्रू लावले. पुन्हा कानाशी.

"अजून."

पुन्हा उघडली. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. शेवटी रशीदभाई म्हणाले, "मामी, आता एकदाच हात लावता येईल. यापुढं माझी हिंमत न्हाई."

"लाव," मामी म्हणाली.

त्यांनी पुटपुटत अल्लाचं नाव घेतलं, मी मनात पांडुरंगाचं. भाता ओढला. मामीने डोळे मिटले आणि त्या सुरापासून पुढे भूपाळी हलक्या आवाजात म्हटली. सूर आणि गळा एकमेकांत मिसळले.

"ह्योच," ती म्हणाली. मग रशीदभाईंकडे वळली. "आता जेवूनच जायचं. पिठलं-भाकरी हाय."

पहाटे देवळात डबा मी वाजवला. माझी बोटं पेटीची, सारखी चुकायची. मामी शेजारी बसून "वढ... आता दाब" सांगत होती, चाल तिच्या कानात होती तशीच मामांच्या हातांची हालचालही तिच्या डोळ्यांत होती. भूपाळी अडखळत पार पडली. टाळकरी माझ्यासाठी थांबत थांबत चालले.

घरी येऊन आठवडा झाला. पेटीवर बसलो की अजून त्या कानशीचा आवाज कानात येतो. आपल्याला ठाऊक नाही ते आपण किती पटकन चूक ठरवतो. डबा मामीकडेच ठेवून आलो. मामांच्या हयातीत तिने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. काल तिचा फोन आला.

"दत्ता, ऐक," म्हणाली, आणि फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भाता हलला आणि भूपाळीचे पहिले चार सूर आले, एकेक करून, मधे श्वास घेत. चौथा तोच होता.

"मिळाला का?" तिने विचारलं.

"मिळाला," मी म्हणालो.