कवड्यांची माळ आणि काथ्याचा टोप

तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला पाय मागं घेता आले नाहीत. पायांत गुडघ्यापर्यंत फोमचे बूट होते, नातीनं ते मागून दोरीनं आवळले होते, आणि मला पंचगंगेच्या घाटावर पायरीला टेकून बसवलं होतं. माझं मला उठता येत नव्हतं. बाईनं डोकं वर केलं, पदरातले ओंजळभर जोंधळे काढले आणि माझ्या मांडीवरच्या परडीत ओतले.

"आई, मलकापुरासनं आलोय," ती म्हणाली. "लेकीचं लगीन होऊन लई वर्सं झाली. कूस उजव हिची."

लेक मागं मान खाली घालून उभी होती. खाली पाण्यात उभी राहून माझी नात कॅमेऱ्यातून बघत होती.

नातीच्या मोबाइलवरच्या एका गेममध्ये एक म्हातारी आहे. ती डोंगरात राहते, जखमी माणसांना पाला लावते आणि वेळ आली की काठीनं राक्षस झोडते. नातीला त्या म्हातारीचा वेश तयार करून, कुणाच्या तरी अंगावर चढवून फोटो काढायचे होते. हा नाद असलेली पोरं जगभर आहेत म्हणे. तिला पुण्याला वेशभूषेचं शिकायचं होतं आणि तिथं आपल्या कामाचे फोटो द्यावे लागतात. माझा मुलगा तिला म्हणाला होता, "नंबर लागला तर जा. न्हाई लागला तर दिवाळी झाल्यावर पावणं बघायला येत्यात." तिचं सगळं त्या फोटोंवर होतं.

उन्हाळाभर आमचं स्वयंपाकघर तिनं अडवलं. चपला करणाऱ्यांकडून तळाला लावायचा फोम आणला, केस वाळवायच्या मशीननं तापवून वाकवला, वर चांदीचा रंग दिला. केसांच्या टोपासाठी नारळाचा काथ्या चहाच्या पाण्यात उकळला आणि जुन्या टोपीवर झुबका झुबका करून शिवला. अंगावर घालायला तिच्या मैत्रिणी होत्या, पण ती म्हणाली, "सुरकुत्या कुठं इकत मिळत्यात, आज्जी?" म्हणून मी.

गेममधल्या म्हातारीच्या गळ्यात शिंपल्यांची माळ आहे. तसले शिंपले मिळाले नाहीत. देवळाबाहेरच्या दुकानात कवड्यांची तयार माळ मिळते, ती तिनं आणली. पाला ठेवायला परडीही तिथलीच. तिकडची म्हातारी तोंडाला पिवळं फासते, म्हणून माझंही तोंड पिवळं रंगवलं. आरशात बघून मी म्हणाले, "अगं, ही तर जोगतीण झाली."

"गेममधी अशीच हाय की. सकाळचं कोण बघतंय?"

मंगळवारी आणि शुक्रवारी जोगतीण दारात येते. तिच्या परडीत मी जन्मभर मूठ मूठ धान्य घातलंय. तरी घाटावर निघताना वार कुठला ते मी बघितलं नाही. मंगळवार होता.

"बाई, ऊठ. मी जोगतीण न्हवं," मी तिला म्हणाले.

"पारख करतीयास व्हय माझी? कर की."

"सोंग हाय ह्ये. नात फोटो काढतीया, ती बघ."

"खरी असली की न्हाईच म्हणत्यात, आई." तिनं लेकीला दंडाला धरून पुढं ओढलं. "भंडारा लाव हिला."

पोरीनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. परडीत भंडारा नव्हता, वाळलेली मेथी होती. खालून नात ओरडली, "आज्जी, हात जरा वर घे. कवळं ऊन सरतंय."

मी हात वर घेतला आणि टोप ओढला. तो कपाळाला गोंदानं चिकटवलेला होता. शिवण फाटली, काथ्याचे झुबके पायरीवर पडले. टायफॉइड झाल्यापासून माझ्या डोक्यावर केस नावाला आहेत. घरातसुद्धा मी डोक्यावरचा पदर पडू देत नाही. ते डोकं उन्हात उघडं पडलं. पलीकडं धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले.

बाई बघत राहिली. मग खाली बसली आणि परडीतले जोंधळे मेथीतून निवडून परत पदरात घ्यायला लागली. एक दाणा ठेवला नाही.

"देवीचं हाय ह्ये. हितं ठेवून चालायचं न्हाई," ती म्हणाली. निवडून झाल्यावर विचारलं, "घरात कुणी मोठं मानूस न्हाई व्हय तुमच्या?"

"मीच हाय मोठी."

"चल की आई, बास झालं," लेक म्हणाली. जाताना बाई धुणं धुणाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "म्हातारीला लाज न्हाई."

नातीनं माझ्या हातातला फाटलेला टोप घेतला, उलटापालटा केला, पिशवीत घातला. मग माझ्या बुटांच्या दोऱ्या सोडल्या. रिक्षावाला आरशातून माझं पिवळं तोंड बघत होता. मोरीत ते घासून काढलं, तरी कानामागं रंग राहिला.

सगळा वेश दिसत होता असे फोटो चांगले आले होते. पण नात पाण्यात उतरते न उतरते तोच ती बाई आली होती, त्यामुळं त्या सगळ्यांत ती माझ्या पायाशी होती.

"ह्ये पाठवलं की नंबर लागतोय बघ," नात म्हणाली.

"ते न्हाई पाठवायचं."

"तिचं तोंड कुठं दिसतंय?"

"माझं दिसतंय की. ती डोकं ठेवतीया आणि मी बसलोय."

ती रागावली. ताट समोर आदळायची आणि आत जायची. एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "उद्या शेवटचा दिस हाय, टोप परत शिवून हुयाचा न्हाई. मग एकच ऱ्हातोय." तिनं दाखवला. परडीत नुसती मेथी, हातात फाटका टोप, पिवळं तोंड आणि माझं उघडं डोकं.

"त्यो पाठव."

"आज्जी, ह्यात तुझं डोकं..."

"पाठव म्हनलं न्हवं."

तिचा नंबर लागला. तिथल्या बाईंनी विचारलं, ही गेममधली कुठली म्हातारी? नात म्हणाली, माझी आज्जी. हे मला तिनं फोनवर हसत सांगितलं. मी हसले नाही. त्या शाळेतल्या सगळ्यांनी माझं डोकं बघितलंय.

मंगळवारी जोगतीण दारात येते. मी जोगवा घालते, तिच्या तोंडाकडं बघत नाही. त्या दिवशी घाटावर तिच्यासारखी परडी घेऊन बसलेली म्हातारी मीच, हे तिच्या कानावर गेलं असेल.