सव्वा तासाचं विमान आणि एकुलता एक मामा

माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी विमानाने गेलो, आणि म्हणूनच उशिरा पोचलो.

लग्न ठाणाकुशनूरला, मुहूर्त बारा पस्तीसचा. आमच्याकडे नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि अक्काला सख्खा भाऊ मी एकटाच. शिवाय वधूवरांचे हार बंगळूरहून मीच आणणार होतो. अक्का आठवडाभर फोन करत होती.

"आदल्या दिशी कामून येईनास रे?"

"अक्का, बंगळूर ते बीदर हवाई अंतर जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर! विमानाला लागतो सव्वा तास! दहाला बीदर, साडेअकराला मांडव!" (हे गणित मी नकाशावर पट्टी ठेवून केलं होतं.)

विमान बिचारं वेळेवर उतरलं. चुलतभाऊ दिगंबर जीप घेऊन उभा होता. हार मागच्या सीटवर ठेवले आणि निघालो. पण आमच्या भागात सोयऱ्याच्या गावावरून चहा न घेता पुढे गेलं, तर तो राग नातवंडांपर्यंत पुरतो. आणि त्या रस्त्यावर आमचा सोयरा नाही असं गावच नाही!

पहिल्या गावात दिगंबरच्या सासऱ्यांनी जीप अडवली.

"पावणे इमानानं आलाव म्हणं! वरनं बीदरचा किल्ला कसा दिसतोय हो?"

चहा पाच मिनिटांत संपला होता. पण माणसाने एवढ्या प्रेमाने विचारल्यावर सांगायला नको? विमान वर कसं चढतं, इथून मी सुरुवात केली. दुसऱ्या गावात चुरमुऱ्यांची सुशीला खाऊ घातली, ऐकायला तीस माणसं जमली (आणि ढगही जरा जास्तच जाड झाले). तिसऱ्या गावात तर शाल आणि नारळ! अंगावर शाल पडल्यावर चार शब्द बोलणं आलंच.

"अण्णा, बारा वाजले! चला की!" दिगंबर ओरडला.

"अरे थांब, आता फक्त विमान उतरायचं राहिलंय!"

"तुमी उतरा सावकाश! मी हार तरी पोचवतो!" आणि गेला की जीप घेऊन!

उरलेले आठ किलोमीटर मी कडब्याच्या ट्रॅक्टरवर, शाल पांघरून काढले. मांडवाच्या दारात पाय ठेवला आणि टाळ्या वाजल्या. अंतरपाट खाली आला होता. भाचीच्या पाठीशी, माझ्या जागेवर, दिगंबर उभा होता. मला भर मांडवात रडू आलं.

"सव्वापाचशे किलोमीटर आलास, अन् आठ किलोमीटर येईना झालं व्हय रे?" अक्का म्हणाली. मग तिनेही पदराने डोळे पुसले आणि मला जेवायला बसवलं.

शेवटची पंगत होती. भात वाढता वाढता दिगंबर माझ्यापुढे वाकला. "अण्णा, त्या किल्ल्याचं अर्धंच राहिलं बगा."

आता खोटं कशाला बोलू? मी भात बाजूला सारला आणि विमान वर कसं चढतं, इथून पुन्हा सुरुवात केली!