घागरवालीचा घोटा

भिकाजीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नदीकाठच्या बागेत चौथऱ्यावर चढून ब्राँझच्या एका पैलवानाच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होते आणि कान लावून ऐकत होते. मी निवृत्त शिक्षिका, रविवारी पाय मोकळे करायला गेलेली; गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही. म्हटलं, "काय हो, आत कोणी आहे का?"

"आहे ना. ओतणाऱ्याची लबाडी आहे. तुम्हाला दार उघडायची नाही ती," ते मागे न बघताच म्हणाले.

काका कसबा पेठेतले. अख्खा जन्म पुतळे ओतण्यात गेलेला. पंच्याहत्तरी उलटली तरी दर रविवारी मंडईतून भाजी घ्यायची, पिशवी खांद्याला अडकवायची आणि नदीकाठचं एकेक शिल्प वाजवत जायचं, हा त्यांचा नेम. मीही बरोबर जाऊ लागले. "बाई, पुतळा नुसता बघू नका. रंग फसवतो," असं म्हणून त्यांनी मला वाजवायला शिकवलं. नीट ओतलेलं ब्राँझ खणखणतं. खोट असली की बद्द बोलतं. शिल्पकाराचं नाव सगळेच वाचतात. काका मला मागच्या बाजूला, पायाशी, ओतणाऱ्यानं ठोकलेली बारीक खूण दाखवायचे.

सगळ्यात शेवटी घागरवाली. कमरेवर घागर घेतलेली, निघता निघता वळून बघणारी. तिच्याजवळ कोणी फोटो काढू लागलं की काका लगबगीनं पार झाडामागे जाऊन उभे राहायचे. तिच्या पायाशी खूणही नव्हती. एकदा मी तिच्या घोट्यावर टकटक केली. बद्द!

"अगबाई! इथे कोणी माती खाल्ली?" मी हसत विचारलं.

"मी," काका म्हणाले.

घागरवाली ओतली तेव्हा दुसऱ्याच दिवशी उद्घाटन होतं आणि साचा फोडला तर घोट्यात भोक. पुन्हा ओतायला वेळच नव्हता. काकांनी भोकात लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरली आणि वर रंग मारला. "म्हटलं, घोटा कोण वाजवून बघतंय! कारखान्याचे मालक नव्हे हो, मीच म्हटलं. मग खूण कोणत्या तोंडानं ठोकू?" मला फार वाईट वाटलं आणि माझ्या जिभेचा रागही आला.

त्यांच्या हाताला आता कंप सुटू लागला होता. हात चालतोय तोवर घोटा दुरुस्त करायचाच, असं त्यांनी ठरवलं. परवानगीसाठी अर्ज घेऊन आम्ही महापालिकेच्या कचेरीत गेलो.

"तक्रार कोणाविरुद्ध?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याविरुद्ध."

"आजोबा, पुतळा धड उभा आहे. कोणाचं काही म्हणणं नाही."

"माझं आहे. लिहून घ्या."

ते लिहून घेईनात. काका दर सोमवारी पोळीभाजीचा डबा घेऊन तिथल्या बाकावर बसू लागले. मी म्हटलं, "काका, जाऊ द्या ना आता." तर म्हणाले, "बाई, मुलांनी चुका दुरुस्त केल्याशिवाय तुम्ही वही परत घ्यायचात का?" पुढच्या सोमवारपासून मीही बाकावर बसू लागले. आठव्या सोमवारी साहेबांनी सही केली, बहुधा आमच्या मेथीच्या वासाला कंटाळून.

काकांनी लांबी उकरून काढली, स्वतः ओतून आणलेला तुकडा बसवला आणि वेल्डरकडून जोड मारून घेतला. कानस मात्र कोणाच्या हातात दिली नाही. दुपारभर घासत होते. मग पेरानं टकटक केली. खण्ण! काका रडले, मीही रडले. नाक पुसून त्यांनी टाचेमागे आपली खूण ठोकली.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. डोळ्यांसमोर येतो तो खूण ठोकल्यानंतरचा रविवार. आयटीतलं दिसणारं एक तरुण जोडपं घागरवालीसमोर मोबाइल धरून उभं होतं.

"काका, थोडं साइडला होता का प्लीज? फ्रेममध्ये येताय."

मी सवयीनं झाडाकडे निघाले. काका हललेच नाहीत. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, टोपी सरळ केली आणि घागरवालीच्या शेजारी ताठ उभे राहिले.

"नाही होणार. ही मी ओतलीय. काढा फोटो."