तिलेच इचारा

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी अल्लीपुरात वर्ध्याच्या मोटारीची वाट पाहत होतो. बाकावर तिशीची एक बाई झुलत बसली होती, बोटं डोळ्यांपुढे नाचवत.

“हिला काही समजतं का?” मी शेजारी बसलेल्या तिच्या आईला विचारलं.

“मले काऊन इचारता, गुरुजी? तिलेच इचारा. बोलत नाई ती, पण रोज एकटी वावरात जाते-येते. लोक समोरच येडी म्हणतात, तेही समजते तिले.”

मी वरमलो. इतकी वर्षं पोरांना प्रश्न घालणाऱ्या मला तिला काय विचारावं ते सुचेना. शेवटी म्हणालो, “मी इथं बसू का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. झुलता झुलताच बाजूचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला जागा करून दिली.